कोतवालाच्या वहीतली कोरी ओळ

वसंता, तुझं नाव काढायला सांगितलं आहे मला.

सकाळी मॅनेजर साहेबांची चिठ्ठी आली. दोन ओळींची. "दिवंगत कर्मचाऱ्याचे नाव संगणकातून आजच कमी करावे." खाली सही, आणि त्या सहीची ती लांब शेपटी, जिची नक्कल मी हवेत बोट फिरवून करायचो आणि तू चहाचा कप खाली ठेवून हसायचास. चिठ्ठी वाचल्याबरोबर सवयीनं डावीकडे वळलो. "पाह्य बे वसंता, काय फर्मान निघालं!" असं म्हणूनही झालं. डावीकडे तुझी खुर्ची आहे आणि तिच्यावर कुणीतरी प्रिंटरच्या कागदाचे तीन गठ्ठे ठेवले आहेत. तेरवी होऊन चार दिवस झाले. चार दिवसांत खुर्चीचं टेबल झालं.

कर्मचारी संघाच्या अंकात दरवर्षी माझा एक हसवणारा लेख असतो. यंदाही संपादकांनी तोच मागितला होता. मी म्हटलं, यंदा वसंतावर लिहितो. ते म्हणाले, "लिहा, पण हलकंफुलकं राहू द्या. आधीच दिवस वाईट आहेत." वाईट आहेतच. पेपर उघडला की रोज कुठल्या तरी गावचं नाव, जीव दिलेल्या कुठल्या तरी शेतकऱ्याचं. तू ती बातमी मोठ्यानं वाचायचास. माणसाचं पूर्ण नाव, गाव, मागे कोण कोण आहे. वाचून झाली की पेपर घडी करून ठेवायचास आणि कामाला लागायचास. मी एवढा बोलघेवडा, पण त्या दोन मिनिटांत मला कधी काही सुचलं नाही.

तर हलकंफुलकं. बघतो जमतं का.

आपल्या संस्थेतल्या निम्म्या लोकांना तू नेमकं काय करायचास हे शेवटपर्यंत कळलं नाही. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढतो तो वसंता, एवढीच त्यांची ओळख. तुझं खरं काम दिसण्यासारखं नव्हतंच. इथं यवतमाळला मोठ्या यंत्रात सगळ्यांची यादी. कुणाचं नाव काय, नंबर कोणता, तो कुठल्या गटात. ग्रेडर, काटेवाले, पावतीवाले, तपासनीस. आणि नेर, बाभुळगाव, झरी, जिथं आपली कापूस खरेदी, तिथं एकेक लहान यंत्र. सकाळी कुणी नाव टाकून आत जायला लागला की त्या यंत्राला प्रश्न पडायचा, हा कोण? आपला आहे का? कापसाची प्रत ठरवायचा याला अधिकार आहे का? त्याचं उत्तर द्यायला प्रत्येक यंत्रात एक सेवा मागच्या मागे चालू असायची. पडद्यावर तिचा पत्ता नाही, आवाज नाही. चालू आहे तोवर कुणाला ती आहे हेही माहीत नाही.

तिचं इंग्रजी नाव म्हणजे चार अक्षरांचा खडा. तू पहिल्याच दिवशी तो थुंकून टाकलास.

"याले कोतवाल म्हणायचं," तू म्हणालास. "गावात नवा माणूस आला तं कोतवालाले विचारतेत ना, हा कोणाचा कोण? तसाच हा. कोणाले दिसत नाही, पण याच्याबिगर गावाचं पान हलत नाही."

"अन् पगार?" मी विचारलं.

"कोतवालाले जेवढा असते तेवढाच."

तेव्हापासून सबंध जिल्ह्यात आपले कोतवाल. नेरचा कोतवाल झोपला, झरीच्या कोतवालाला उठवा, बाभुळगावच्या कोतवालाचं डोकं फिरलं. बाहेरून आलेल्या लेखापरीक्षकांनी एकदा घाबरून विचारलं होतं की तुमच्या पगारपत्रकात हे कोतवाल कुठेच कसे नाहीत. मी त्यांना अर्धा तास खेळवलं, तू शेवटी दया येऊन खरं सांगितलंस.

हा कोतवाल दर वेळी यवतमाळला विचारायचा नाही. टेलिफोनची लाइन, तिच्यावर किती धावणार? एकदा विचारलं की उत्तर ध्यानात ठेवायचा. किती वेळ ठेवायचा, ते आपण नेमून द्यायचं. आणि आपलं सगळं भांडण याच एका गोष्टीवरचं. सात वर्षांचं.

तुझं म्हणणं, 'हो' दिवसभर ध्यानात ठेवावं, 'नाही' वीस सेकंद.

"एकदा ओळखलं तं दिवसभर ओळखलं पाह्यजे," तू म्हणायचास. "लाइन जाओ, लाइट जाओ, आपला माणूस दारात उभा नाही राह्यला पाह्यजे. पण नाही म्हटलं असन ना, ते पटकन विसरलं पाह्यजे."

माझं म्हणणं, 'नाही' सुद्धा दिवसभर ठेवा. "अबे, नेरचा पावतीवाला रोज आपल्या नावाची अक्षरं नव्यानं शोधून काढते. चाळीसदा चुकते. चाळीसदा कोतवाल यवतमाळले धावते. लाइन गुदमरून राह्यली."

"मंग तो माणूस दिवसभर बाहीर?"

"कोणता माणूस?"

"जो यादीत मांगून आला तो."

"अन् आलाच नाही तं?"

"येते ना बे. कोणी ना कोणी येतेच."

यावर मी दोन्ही हात जोडून, डोळे वर करून, कीर्तनकारासारखा झुलायचो. तू हसायचास. भांडण तिथंच राहायचं. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी पुन्हा तिथूनच पुढं.

तुझा आणखी एक नियम होता. आधी नाव टाक, मंग विचार. यादीत नाव घालायच्या आत कोतवालाला विचारलं तर तो नाही म्हणणार, आणि तेच ध्यानात ठेवणार. मी उतावळा. मी नेहमी आधी विचारायचो. "आला का रे?" तू म्हणायचास, "पोराच्या लग्नाआधी नातू मांगते हा माणूस."

आणि चहाचा गट. तो कुणालाच माहीत नाही, आज सांगून टाकतो. ग्रेडरांचा गट, काटेवाल्यांचा गट, तसा तू यादीत एक गट केला होतास, नाव 'चहा'. सभासद दोन. तू आणि मी. त्या गटाची एक फाइल, फक्त आपल्या दोघांना उघडणारी. तिच्यात आपण एकमेकांसाठी लिहून ठेवायचो. तू लिहायचास, "साहेब आज नवीन बूट घालून आले, पायाकडे पाहू नको, हसू येईल." मी पाहायचोच. संस्थेच्या यंत्रावरचा हा आपला एकमेव गैरवापर. मॅनेजर साहेब, वाचत असाल तर कळावं. आज तुझं नाव काढलं की त्या गटात एक माणूस उरेल. एका माणसाचा गट कशाला ठेवायचा, हे मला कुणाला विचारता येईना.

झरीला कोतवाल बसवायला आपण गेलो होतो ते आठवतं? सागाच्या जंगलातून एसटी दोन तास हलत होती आणि मी अख्ख्या गाडीला पुढाऱ्याचं भाषण करून दाखवत होतो. तिथला पहारेकरी कोलाम आदिवासी होता. यादीत त्याचं नाव 'रामा'. तू त्याला विचारलंस, "हे तुमचंच नाव काय?" तो म्हणाला, ऑफिसात असंच म्हणतात. "घरी काय म्हणतेत?" त्यानं सांगितलं. तुला नीट ऐकू आलं नाही. तू पुन्हा विचारलंस. मग पुन्हा. चौथ्यांदा त्यानं हसून, अक्षर अक्षर तोडून सांगितलं आणि तू ते तसंच्या तसं यादीत घातलंस. मी घड्याळ दाखवत होतो, शेवटची एसटी चुकणार होती. चुकलीच. त्याच्याच घरी जेवलो. जाता जाता त्यानं तुझं नाव विचारलं. मोठ्यानं दोनदा म्हणून पाहिलं आणि बरोबर जमल्यावर मान हलवली. माझं नाव त्यानं विचारलं नाही, आणि जेवताना मी त्यालाही तेच भाषण करून दाखवलं होतं!

आता वही. ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येत नाही.

यंत्राच्या शेजारी खिळ्याला सुतळीनं टांगलेली वही. कोतवालाला हात लावला की लिहायचं. तारीख, कुठला कोतवाल, काय केलं, कुणी केलं. काळ्या शाईचा पेन दोऱ्यानं बांधलेला. कागदाच्या बाबतीत तू एवढा चिक्कू की एका ओळीत दोन नोंदी बसवायचास. पानाच्या समासातही लिहायचास. मी म्हणायचो, वसंता, तुझ्या वहीत मुंगीला पाय ठेवायला जागा नाही.

दोन हंगामांपूर्वीची गोष्ट. नेरची लाइन पुन्हा पुन्हा तुंबत होती. संध्याकाळी तू लवकर गेलास, कुंदावहिनींना दवाखान्यात न्यायचं होतं. मी इथूनच नेरच्या यंत्रात शिरलो आणि 'नाही'ची मुदत वीस सेकंदांची एक दिवस केली. कोतवालाला झोपवून उठवलं, म्हणजे बंद करून पुन्हा चालू केलं. माझा बेत साधा होता. आठ दिवसांनी तुला म्हणायचं, "लाइन कशी आहे आजकाल?" तू म्हणणार, "बरी आहे बाप्पा." मग मी उठून, छाती काढून, पडदा बाजूला करावा तसं सगळं उघड करणार. वहीत लिहिलं असतं तर सकाळीच तुला दिसलं असतं. शेवटचं वाक्य आधीच फुटलेलं नाटक मी कधी केलं नाही. म्हणून लिहिलं नाही.

दुसऱ्याच दिवशी नेरला नवा ग्रेडर रुजू व्हायचा होता. मला माहीत नव्हतं. उत्साही माणूस, साडेआठलाच येऊन बसला आणि स्वतःचं नाव टाकून पाहिलं. कोतवालानं यवतमाळला विचारलं, यादीत नाव नव्हतं, तू अजून घरून निघायचा होतास. कोतवाल म्हणाला, नाही. आणि ते ध्यानात ठेवलं. दिवसभरासाठी.

साडेदहाला तू नाव घातलंस. नेरला फोन केलास, "टाका आता." नाही. पाच मिनिटांनी, नाही. अकराला, नाही. यार्डात गाड्या लागलेल्या, ट्रॅक्टर रस्त्यापर्यंत, आणि प्रत ठरवणारा माणूस यंत्राच्या दारात उभा. तू नावाची अक्षरं तपासलीस. नंबर तपासला, गट तपासला. यादी पुन्हा लिहिलीस. सगळीकडे शोधलंस, फक्त कोतवालाकडे पाहिलं नाहीस, कारण वीस सेकंद केव्हाच होऊन गेले होते. तुझे वीस सेकंद. त्यांच्यावर तुझा विश्वास होता.

अकरा वाजून गेल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला.

वसंता, मी उठलो होतो. खुर्ची मागे सरकवली होती. "वसंता" एवढं म्हणालोही होतो, तू मान वर केलीस. तेवढ्यात मॅनेजर साहेब आत आले. नेरच्या संचालकांचा फोन आलेला, तोंड लाल. "कोणाची चूक आहे ही? नाव सांगा मला!" माझ्या सेवापुस्तकात तेव्हा एक ताकीद होती, वार्षिक सभेत चेअरमनची नक्कल केल्याची. दुसरी आली असती तर झरीला बदली ठरलेली. साहेब तुझ्याकडे पाहत होते, तू पडद्याकडे पाहत होतास. मी चहा सांगायला बाहेर गेलो.

बारा वाजता यंत्राची लाइनच गेली. तू पिशवी उचललीस आणि नेरची एसटी धरलीस. अडीचला तिथून फोन आला, चालू झालं.

संध्याकाळी परत आलास. शर्टावर धूळ, केसांत कापसाचे तंतू. पाणी प्यायलास आणि विचारलंस, "सुध्या, तू हात लावलता काय बे नेरच्या कोतवालाले?"

मी म्हणालो, "नाही."

आणि लगेच, श्वासही न घेता, मी नेरच्या संचालकांची नक्कल सुरू केली. ते फोनवर कसे ओरडले असतील, धोतराचा सोगा कसा सुटला असेल, साहेब इकडे उभे राहून फोनला कसा नमस्कार करत होते. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला प्रयोग. तू हसलास. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलास. मला वाटलं, सुटलो.

कोतवालाचा पासवर्ड सबंध जिल्ह्यात दोनच माणसांना माहीत होता, वसंता. हे मला तेव्हा आठवलं नाही. किंवा आठवलं होतं.

दुसऱ्या दिवशी तुला मेमो मिळाला. निष्काळजीपणामुळे खरेदी चार तास बंद राहिली. तू सही करून घेतलास. सेवापुस्तकात ताकीद लागली. त्या दिवसाची वहीतली नोंद तुझ्या हातची आहे. "नेर. 'नाही'ची मुदत पूर्ववत वीस. वसंत." आणि तिच्या वर एक ओळ कोरी. अख्ख्या वहीत कोरी ओळ तेवढी एकच आहे. दोन हंगाम मी रोज ते पान उलटून पुढं लिहीत आलो. तू कधी काही बोलला नाहीस. फक्त त्यानंतर 'नाही' किती वेळ ध्यानात ठेवावं, यावर तू माझ्याशी भांडला नाहीस. मी विषय काढला तरी म्हणायचास, "राहू दे ना बाप्पा, चहा घे." सात वर्षांचं भांडण तू असं अर्ध्यात सोडून दिलंस, आणि मला वाटत राहिलं की मी जिंकलो.

आता ऐक, पुढं काय झालं ते. तुझ्यामागे झालं म्हणून तुला माहीत नाही.

कुंदावहिनींनी अर्ज केला आहे, अनुकंपेवर तुझ्या जागी घ्या म्हणून. बी.ए. आहेत, टायपिंग येतं. संस्था माणसं कमी करत सुटली आहे, अशी जागा वर्षातून एखादी. संचालक मंडळाचा नियम असा, की गेलेल्या कर्मचाऱ्याचं सेवापुस्तक कोरं पाहिजे. तुझ्या सेवापुस्तकात एकच डाग. तो माझा.

मंडळाच्या बैठकीच्या आदल्या दिवशी मी खिळ्यावरची वही काढली आणि कोरी ओळ भरली. "नेर. 'नाही'ची मुदत एक दिवस केली. सुधाकर." काळा पेन सुकला होता, म्हणून निळ्यानं लिहिलं. दुसऱ्या दिवशी वही काखेत मारून बैठकीत गेलो आणि उभा राहिलो.

"साहेब, नेरची ती चूक वसंताची नाही. माझी आहे."

मी सांगू लागलो. कोतवाल म्हणजे काय, तो 'हो' कसं ध्यानात ठेवतो, 'नाही' कसं ठेवतो, ग्रेडर साडेआठला का आला. मी आयुष्यभर गोष्टी सांगत आलो, पण एवढी सरळ कधी सांगितली नव्हती. 'कोतवाल नाही म्हणाला' इथपर्यंत आलो आणि आबासाहेबांचं हसू फुटलं. आबासाहेब म्हणजे आपले सगळ्यात जुने संचालक, माझ्या नकलांचे पहिल्या रांगेतले प्रेक्षक.

"वा रे सुधाकरराव! दोस्तासाठी काय सोंग काढलं!"

मग सगळे हसले. मी म्हणालो, "हे सोंग नाही, आबासाहेब." माझा आवाज चिरकला. त्यावर ते आणखी खूश. "पाहा, पाहा, रडून बी दाखवते! दोस्ती असावी तं अशी."

मी वही पुढं केली. मॅनेजर साहेबांनी पान डोळ्यांजवळ नेलं, बोट फिरवलं आणि हसत माझ्याकडे पाहिलं. "सुधाकर, सगळं पान काळं अन् तुझीच ओळ तेवढी निळी? निदान शाई तरी पाहून घ्यायची."

त्यांनी वही प्रेमानं मिटून परत दिली. मी लेखी निवेदन दिलं, ताकीद माझ्या नावावर लावा म्हणून. ते कागदवजनाखाली गेलं. कुंदावहिनींचा अर्ज पुढच्या बैठकीवर. बाहेर आल्यावर आबासाहेबांनी पाठीवर थाप मारली. "तुझ्यासारखा मित्र भेटला, वसंता भाग्यवान." वसंता, मी तिथल्या तिथं मेलो असतो तर बरं झालं असतं.

तसाच तुझ्या घरी गेलो. वहिनी तुझे शर्ट काढून बसल्या होत्या आणि खिशांतल्या चिठ्ठ्या वेगळ्या करत होत्या. कुणाचं नाव, गाव, कुठल्या केंद्रावर. नवं नाव कळलं की चिठ्ठीवर लिहून खिशात टाकायचं, ही तुझी सवय. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. साडेआठचा ग्रेडर, चहा, नक्कल, निळी शाई. त्या चिठ्ठ्या लावत राहिल्या. माझं संपल्यावर विचारलं, "भाऊजी, हे तुम्ही त्यायले सांगतलं होतं काय?"

"नाही."

"मंग मले कायले सांगता? मी काय करू त्याचं?"

त्या उठल्या, चहा ठेवला, कप माझ्यासमोर आणला. जाताना दारापर्यंत आल्या.

"मले नोकरी पाह्यजे, भाऊजी. तुमच्या माफीचं मंग पाहू."

तर असा अडकलो आहे. खरं सांगितलं तर लोक टाळ्या वाजवतात. लिहिलं तर शाई दिसते. ज्याला कळलं असतं, त्याला मी नाही म्हणून बसलो. हा लेख छापून येईल, खाली माझं पूर्ण नाव असेल, तरी वाचणारा म्हणेल की यंदाचा विनोदी लेख जरा रडका झाला. आबासाहेब, हे तुम्ही वाचणार हे मला माहीत आहे. पाया पडतो, एकदा न हसता वाचा.

आणि आता ती चिठ्ठी.

दुपारी तीन वाजता यवतमाळच्या यादीतून तुझं नाव काढलं. नंबर काढला, गटांतून काढलं. चहाचा गट मात्र मोडला नाही, तिथं मी एकटा बसेन. मग तुझ्या जुन्या फायली उघडून पाहिल्या. काल प्रत्येकीपुढं तुझं नाव दिसत होतं, आता नुसता आकडा. फाइल आकडाच ओळखते, नाव सांगणारा कोतवाल, हे तूच मला शिकवलं होतंस. पण शिकवलेलं वेगळं आणि एकाखाली एक अशा दीडशे ओळी आकड्यांच्या पाहणं वेगळं.

नंतर नेरच्या यंत्रात गेलो आणि तिथल्या कोतवालाला तुझं नाव विचारलं. वाटलं, तोही आकडा दाखवेल. त्यानं पटकन उत्तर दिलं. वसंत. नंबर. तपासनीस, यंत्रविभाग, चहा. सकाळी कुणीतरी तुझी एखादी फाइल पाहिली असणार, तेव्हा त्यानं यवतमाळला विचारलं होतं आणि 'हो' मिळालं होतं. तुझ्याच नेमून दिलेल्या मुदतीनं ते उद्या सकाळपर्यंत त्याच्या ध्यानात राहील.

नियम तुझाच. नाव काढलं की कोतवालाला झोपवून उठवायचं, म्हणजे त्याचं जुनं पुसलं जाईल. एका ओळीचं काम. बोटं कीबोर्डवर ठेवली. डावीकडे वळून विचारावंसं वाटलं.

उठवलं नाही.

खिळ्यावरची वही काढली. बाजारातून काळा पेन आणून दोऱ्याला बांधला होता, त्यानं लिहिलं. आजची तारीख. "यवतमाळ. वसंताचे नाव काढले. नेरचा कोतवाल उठवायला हवा होता, जाणूनबुजून उठवला नाही. सुधाकर." मग वही टांगली नाही. उघडी तशीच मॅनेजर साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली, चिठ्ठीवर, त्यांच्या सहीच्या शेपटीवर.

साहेबांनी वाचलं. या वेळी हसले नाहीत. "हे काय आहे? मेमो घ्यायचा आहे का तुला?"

मी म्हणालो, "हो."